सगळ्यांत खालचा थर

यंदाही कुकरची शिट्टी आणि चंदाताईची शिट्टी एकदमच वाजली. कुकर माझ्या ओट्यावर होता आणि चंदाताई खाली मारुतीच्या देवळासमोर. पण दोघींपैकी कुणाचं ऐकायचं याबद्दल माझ्या मनात जराही शंका नव्हती. गॅस बंद केला, ओढणी कमरेला आवळली आणि नितीनला म्हटलं, "वरणाला तेवढी फोडणी दे रे." "अगं, नारळ फुटायला अजून वेळ आहे ना?" असं काहीतरी माझा नवरा म्हणत होता, तोवर मी जिन्याचं शेवटचं वळण घेतलं होतं. गुरुपौर्णिमा! आज आमच्या ठाण्याच्या कोपरीत दहीहंडीचा सराव सुरू होतो. आजपासून गोपाळकाल्यापर्यंत आमच्या गल्लीत कुणी वेळेवर जेवत नाही, कुणाची मालिका पुरती बघून होत नाही, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नाही.

मला हा मोसम आधी नाकाला कळतो. वर्षभर गुंडाळून ठेवलेल्या जाड गाद्या उलगडल्या की त्यांचा कुबट वास येतो. खाडीवरून खारट चिखलाचा वास येतो, देवळातून तेलाचा, आणि चंदाताईच्या पिशवीतून त्या दुखऱ्या गुडघ्यांवर मारायच्या स्प्रेचा. हे सगळे एकत्र आले की माझे खांदे आपोआप रुंद होतात. खोटं नाही सांगत. ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या मी मान फिरवायला लागते, खांदे मागेपुढे करायला लागते, आणि शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणते, "मॅडम, आली वाटतं तुमची दहीहंडी!"

आली तर! आणि ती आली की मला ते वर्ष आठवतं. दर वर्षी आठवतं आणि दर वर्षी त्यातलं काहीतरी नवीन आठवतं. मी पहिल्यांदा थरात उभी राहिले ते वर्ष.

त्या आधीचं थोडं सांगायला हवं. मी मूळची डोंबिवलीची. वडील नोकरदार, घरात संध्याकाळी शुभंकरोती, आणि दहीहंडी गॅलरीतून बघायची, कानांत बोटं घालून. कॉलेजात नितीन भेटला. तो कोपरीच्या कोळीवाड्यातला, आणि त्याच्याशीच लग्न करणार असं मी सांगितल्यावर आमच्याकडे आठवडाभर भाजीत मीठ कमी-जास्त होत होतं. मग सगळं सुरळीत झालं. लग्नात आईने रीतीप्रमाणे मला अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण दिला. हाताच्या अंगठ्याएवढा, रांगणारा, एका हातात लोण्याचा गोळा घेतलेला. सासरी आल्यावर मी त्याला देव्हाऱ्यात ठेवला, आणि रोज सकाळी त्याच्याशी बडबड करायची सवय लावून घेतली. आंघोळ घालताना तो निसटायचा, तेव्हा मी त्याला दमसुद्धा भरायची.

आणि हो, आम्हाला मूल झालं नाही. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे शेवटी पाळणा हलेल म्हणून कुणी वाट बघत बसायला नको. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. दुसऱ्या वेळी तर मी नावं काढायला लागले होते. त्यानंतर लोक जे बोलतात ते सगळं बोलून झालं. कुणी सोळा सोमवार सांगितले, कुणी कधीतरी खाल्लेल्या पपईची आठवण करून दिली, कुणी माझ्या ऑफिसच्या खुर्चीला दोष दिला. चांगल्या मनानेच बोलत होते सगळे. पण माझ्या डोक्यात एकच वाक्य घर करून बसलं. माझ्यात काही टिकत नाही. भांडी घासताना ते वाक्य, गाडीत ते वाक्य, नितीन काही हसण्यासारखं बोलला तरी हसण्याच्या आधी ते वाक्य. आरशात स्वतःचं अंग बघितलं की मला त्याचा राग यायचा. दिसायला एवढं धडधाकट, आणि ऐन वेळी सोडून देणारं!

मग एका सकाळी मी त्या बाळकृष्णाला लाल कापडात गुंडाळलं आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिलं. रांगणारं मूल मला बघवत नव्हतं, अगदी पितळेचंसुद्धा. देवाशी बोलणं बंद. भांडण नाही, नवस नाही, काही नाही. अबोला.

अशात आषाढाच्या एका संध्याकाळी चंदाताई आली. चंदाताई म्हणजे नितीनची मोठी बहीण, बसमध्ये कंडक्टर. तिचा आवाज असा की घरातसुद्धा ती बोलली की माणसं दोन पावलं पुढे सरकतात. त्या वर्षी तिने गल्लीतल्या बायकांचं गोविंदा पथक काढायचं मनावर घेतलं होतं. आली, चहा घेतला आणि मला दारातल्या कपाटासारखं न्याहाळत म्हणाली, "मुग्धे, उभी राहा जरा."

मी उभी राहिले.

"वळ."

वळले.

"हे खांदे घेऊन घरात काय करतेस? खालच्या थराला, बेसला, एक बाई कमी आहे माझी. उद्यापासून यायचं."

आता माझ्या खांद्यांचं सांगते. डोंबिवलीत हे खांदे म्हणजे घरातला एक प्रश्न होता. आई ब्लाऊज शिवायला टाकताना शिंप्याला हळू आवाजात सांगायची, "जरा रुंद आहेत हो तिचे." आणि इथे ही बाई त्यांच्याकडे बाजारात ताजी सुरमई दिसावी तशी बघत होती! मी म्हटलं, "ताई, मला नाही जमायचं. माझ्या अंगात आता काही राहिलं नाहीये." तर म्हणाली, "अंगात काय आहे ते मी बघीन. तू फक्त अंग घेऊन ये."

डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या वेळेला बरेच महिने होऊन गेले होते, तब्येत भरली होती. "व्यायामाला हरकत काहीच नाही," म्हणाल्या, "पडणं मात्र तुमच्या जबाबदारीवर." नितीन घाबरला होता. पण मी कशाला तरी हो म्हणतेय हे बघून त्याने मला अडवलं नाही.

पहिल्या संध्याकाळचा गोंधळ काय वर्णावा! फार्मसीत काम करणारी सुषमा, शाळेत शिकवणाऱ्या दोघी, पोळ्या करणाऱ्या, नुकतीच आजी झालेली एक जण, आणि अठरा पुरी झालेली, चिमणीएवढं वजन असलेली सानिका. कुणी साडीच नेसून आलेली, तिला परत पाठवलं. कुणाला गुदगुल्या होत होत्या. खांद्याला हात लागला की ती खिंकाळायची आणि सगळा गोल कोलमडायचा. बाहेरच्या कट्ट्यावर नवरे मंडळी जमली होती, त्यांना चंदाताईने शिट्टी मारून हाकललं. आणि मग "बोल बजरंगबली की जय!" मी कित्येक महिन्यांत एवढ्या मोठ्याने काही ओरडले नव्हते. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. पण छातीत काहीतरी सुटल्यासारखं झालं, हे खरं.

बेसच्या बायका गोल करून उभ्या राहतात. हात एकमेकींच्या खांद्यांवर, डोकी आत, मान खाली. मागून दुसऱ्या बायका तळवे टेकवून आमच्या पाठी रेटून धरतात. मग आमच्या मांडीवर पाय, पाठीवर पाय, खांद्यावर पाय, अशा दुसऱ्या थरातल्या चढतात. आणि इथे नवीन आलेली प्रत्येक बाई तीच चूक करते. वर बघते! कोण चढलं, किती चढल्या, पडतंय की काय, हे बघायला मान वर जाते. मान वर गेली की खांदा तिरका होतो, खांदा तिरका झाला की वरचीचा पाय सरकतो, आणि मग सगळ्या जणी गादीवर, एकमेकींच्या वेण्या ओढत, हसत, कण्हत.

मीही बघितलं. सुषमा धपकन माझ्याच अंगावर आली. वर मलाच म्हणते, "वहिनी, बघ गं, मला कुठे लागलं नाही ना?"

चंदाताई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वर बघायचं नाय! तुमचं काम खाली हाय."

"मग वर काय चाललंय ते कळणार कसं?" मी विचारलं. आम्हा डोंबिवलीकरांना आधी सगळं समजावून घ्यायचं असतं.

"खांद्याला कळतं," ती म्हणाली. "चला, परत!"

आणि कळतं हो! चार-पाच दिवसांत कळायला लागलं. सुषमा घाबरली की तिची बोटं माझ्या खांद्यात रुतायची. ती शांत असली की तिचे तळपाय जड आणि सपाट व्हायचे. वर आणखी कुणी चढलं की वजन आधी डाव्या बाजूला यायचं, मग उजव्या. डोळ्यांपुढे मात्र फक्त पाय. चिखल लागलेले, कुणाची जोडवी झिजलेली, कुणाचं नेलपॉलिश अर्धं उडालेलं. तेवढंच जग. आणि पाठीवर कुणाचा तरी तळवा. कुणाचा, ते दिसायचं नाही, वळून बघायची सोय नव्हती. उबदार, घामाने ओलसर, आणि न हलणारा तळवा.

मला लहानपणापासून देव म्हणजे वरचा असंच सांगितलेलं. वर बघायचं, हात जोडायचे, वरून काहीतरी येईल म्हणून थांबायचं. माझं सगळं तिथेच अडलं होतं. मी वर बघत राहिले आणि वरून काही आलं नाही. आणि इथे तर वर बघायलाच बंदी! त्या गोलात मान घालून उभी असताना मला एकदा एकदम वाटलं, की बाई गं, हा देव मागून तर धरून उभा नसेल? चंदाताईची शिट्टी झाली आणि विचार तिथेच राहिला. पण त्या रात्री मला झोप लागली. कण्हत कण्हत, पण गाढ.

मग नारळी पौर्णिमा आली. आमच्याकडे तो दिवस दिवाळीहून मोठा. घरात नारळीभाताचा दरवळ, बाहेर बँडचा आवाज, होड्यांना पताका, आणि सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, सगळे दागिने घालून, नवरीसारख्या तयार. मला नेसायला द्यायला त्यांनी माझ्या कपाटातली हिरवी साडी ओढली आणि लाल गाठोडं खाली पडलं. ठण्ण आवाज झाला.

मी दारातच उभी होते. त्यांनी गाठोडं सोडलं, बाळकृष्णाला पदराने पुसलं आणि तळहातावर घेऊन पलंगावर बसल्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

"बस गो," त्या म्हणाल्या. मी बसले.

"चंदीच्या पाठीवर मना येक पोर झालेला. तीन दिस होता." मला हे माहीत नव्हतं. नितीनलाही नसावं. "त्या वर्साला पुनवेला सगल्या बायांनी नारल अलगद सोरला पान्यात. मी फेकून मारला. असा!" आणि त्यांनी खरंच हात उगारून दाखवला, बांगड्या खळखळल्या. "म्हटला, घे, तुना लागू दे."

"मग?"

"मग काय? दुसऱ्या वर्साला परत गेलू, परत भांडलू. देवाला राग चालतो गो. अबोला नाय चालत त्याला. तो पन कावराबावरा होतो."

मी हसले की रडले ते मला आजही सांगता यायचं नाही. त्यांनी बाळकृष्ण माझ्या हातात दिला. "बोलू नको त्याच्याशी तुना वाटत नाय तवर. पन समोर ठेव. त्याला बघू दे, तू काय काय करतेस ते." त्या दिवशी खाडीवर मीही नारळ घेऊन गेले. अलगद सोडला नाही. फेकलाही नाही, बाजूला उभ्या असलेल्यांच्या डोक्याची भीती होती म्हणून. पण मनातल्या मनात देवाला जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने ऐकून घेतलं असावं. परत येताना मला कडकडून भूक लागली होती आणि मी नारळीभात तीनदा वाढून घेतला.

आता इतक्या वर्षांनी मागे वळून बघते तेव्हा वाटतं, धीर मिळतो तो असा, हप्त्याहप्त्याने, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या तरी कामाच्या नावाखाली. कुणी तुम्हाला उपदेश करत नाही. कुणी म्हणतं वळ, कुणी म्हणतं बस, कुणी म्हणतं परत. देवळात बसून मी शांती मागत होते तेव्हा ती मिळाली नाही, आणि चिखलात कुणाची तरी टाच कानाला घासून गेली तेव्हा मिळाली. देवाची कामाची पद्धतच अशी असेल तर मी कोण विचारणारी! आता माझे गुडघे कुरकुरतात, म्हणून मी बेसच्या मागे उभी राहून पाठी धरते. दर वर्षी कुणीतरी नवीन येते, आणि तिच्या पाठीला हात लावला की कळतं, ही काहीतरी घेऊन आलीय. विचारत नाही मी. नीट रेटून धरते फक्त.

पण त्या वर्षीचा गोपाळकाला! सकाळपासून अंगावर काटा. पिवळे टीशर्ट, पाठीवर पथकाचं नाव, कपाळाला पट्टी. सासूबाईंनी प्रत्येकीला ओवाळून हातावर दही-पोहे ठेवले. टेम्पोत आम्ही दाटीवाटीने उभ्या, आणि सुषमाचा घसा कोपरीचा पूल ओलांडायच्या आतच बसलेला. डोंबिवलीहून आईचा फोन, "अगं, हेल्मेट घातलंस का?" "आई, हेल्मेट वरच्यांना असतं, मी सगळ्यात खाली आहे." "मग बरं," म्हणाली, आणि मग, "सगळ्यात खाली म्हणजे सगळ्यांचं वजन तुझ्यावर का गं?" मी म्हटलं, "हो!" आणि माझ्या त्या हो मध्ये एवढा तोरा होता, की शेजारच्या दोघी वळून बघायला लागल्या.

दोन ठिकाणी चार थरांची सलामी देऊन दुपारी आम्ही टेंभी नाक्याला पोचलो. डोकीच डोकी! गच्च्या भरलेल्या, खिडक्या भरलेल्या, स्पीकरचा ठोका छातीच्या हाडांत वाजत होता, आणि वरून पाण्याचे फवारे. पुरुषांच्या पथकांनंतर आमचं नाव पुकारलं गेलं. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "काकू, सांभाळून हां!" चंदाताईने त्याच्याकडे अशी नजर टाकली की विनातिकीट सापडल्यासारखा तो मागे सरकला. मग तिने आम्हाला जवळ घेतलं. "पाच लावायचे," ती म्हणाली. सरावात आमचे पाच थर एकदाही उभे राहिले नव्हते.

"बोल बजरंगबली की जय!"

गोल झाला. मान खाली. पाय, पाणी, फुटलेल्या मडक्यांच्या खापऱ्या, झेंडूच्या पाकळ्या. सुषमा माझ्या मांडीवरून वर गेली आणि उभी राहिली. तळपाय सपाट. छान. तिसरा थर चढला. वजन डावीकडे आलं, मग उजवीकडे. चौथा चढून उभा राहिला, आता सगळ्यांत वरची सानिका तेवढी राहिली, आणि माझी मांडी थरथरायला लागली. आधी उजवी, मग दोन्ही. थर सोडा, गर्दी सोडा, मला फक्त ते जुनं वाक्य ऐकू येत होतं. माझ्यात काही टिकत नाही. आता सुटणार. पुन्हा सुटणार, आणि या वेळी सगळ्या ठाण्यासमोर, बाकीच्या सगळ्या जणींना घेऊन. पाठीवरचा तळवा मला जाणवेना, पाण्याने अंग बधिर झालं होतं. आणि मग मी बोलले. इतक्या महिन्यांनी, दात आवळून, त्या मारुतीला नाही, आभाळातल्या कुणाला नाही, त्या माझ्याच घरातल्या अंगठ्याएवढ्या पोराला. आहेस का रे? एवढंच सांग. आहेस का?

तेवढ्यात वरून सुषमाचा बसलेला, फाटका आवाज आला. माझी थरथर तिच्या पायांना लागली असणार. तिने खाली बघितलं नाही, आणि मी वर बघितलं नाही.

"वहिनी! आहेस ना गं?"

"आहे!" मी ओरडले. पोटातून, जिथून काही येणार नाही असं मला वाटत होतं तिथून ओरडले. "आहे मी! घट्ट आहे! पाठव तिला!"

"पाठवाऽऽ!" सुषमा ओरडली.

मांडी थरथरतच होती, पण मी हलले नाही. मग मागून कुणीतरी ते चिमणीएवढं वजन उचलून दिलं. एक हलकं, ओलं पाऊल माझ्या पाठीवर टेकलं, मग खांद्यावर, क्षणभर थांबलं, आणि वर गेलं.